त्ये आणि ती

आर्डेल केपर्सचं बोलणं म्हणजे इस्त्रीचा कपडा. आमच्या काळ्या माणसांच्या बेटावर तिच्याइतकं साफ कुणीच बोलत नव्हतं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरूही देत नव्हती. धक्क्यावरचा कोळंबीवाला म्हणाला, "आर्डेल मावशे, तुजी लेक कुठाय? त्ये दिसलं न्हाई कालपासनं," की ही लगेच, "दिसली नाही. ती." कोळंबीवाला मागच्यांना डोळा मारायचा. पाठीमागं तिला सगळे गव्हर्नरीणबाई म्हणायचे.

आमच्या बोलीत बाप्याला, बाईला, होडीला, कुत्र्याला एकच शब्द. त्ये. कुणाबद्दल बोलतोय ते समोर दिसतंच की, त्यात काय एवढं. पण पुलापलीकडच्या गोऱ्यांच्या इंग्रजीत तो वेगळा, ती वेगळी, आणि चुकलात की तुम्ही अडाणी.

आर्डेलला ते साफ बोलणं काही फुकट मिळालं नव्हतं. लहानपणी बेटावर काळ्या पोरांची शाळा होती. तिथल्या मोठ्या बाई आमच्यातल्याच. तोंडातून घरचा शब्द निघाला की कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा जिभेवर ठेवायच्या. वाईट नव्हत्या हो. त्यांना मनापासून वाटायचं, पोरं गोऱ्यांसारखी बोलली तर गोऱ्यांसारखी शिकतील, वकील होतील, डॉक्टर होतील. आर्डेलनं तो साबणही गिळला आणि ते म्हणणंही. पुढं त्याच शाळेत ती मदतनीस झाली. पोरांची नाकं पुसायची, रांगा लावायची, दूध वाटायची आणि दिवसभर पोरांची तोंडं सरळ करायची.

मग सरकारनं काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक केल्या. एक केल्या म्हणजे काय केलं, तर आमची बंद केली आणि पोरांना बसमध्ये कोंबून पुलापलीकडं धाडलं. आमच्या तेव्हाच्या हेडमास्तरांना घरी बसवलं, शिकवणाऱ्या बायाही एकेक करून गेल्या. आर्डेलला तेवढं ठेवून घेतलं. का, तर म्हणे हिचं बोलणं कळतं. त्या रविवारी ती चर्चला नवी टोपी घालून आली होती.

पुलापलीकडच्या त्या शाळेत व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. शाळेनं तिला काहीतरी गोड नाव दिलं होतं, पोरं मात्र मठ्ठखोली म्हणायची. तिथं मणी ओवायचे, चित्रं रंगवायची, दुपारी डोकं टेकून झोपायचं. वाचायला शिकवतच नसत. एकदा आत गेलेलं पोर शाळा सुटेपर्यंत आतच, आणि शाळा सुटली की थेट पलीकडच्या बेटावर गोऱ्यांच्या हॉटेलात भांडी घासायला. आतली सगळी पोरं आमच्या बेटावरची. एक म्हणून गोरं डोकं नाही. आर्डेल हे रोज बघत होती. पण खरं सांगायचं तर तिच्या मनात यायचं, ह्यांच्या आयांनी वेळेवर ह्यांचं तोंड सुधारलं असतं तर ही पाळी आली नसती.

आणि मग तिची स्वतःची नात सहा वर्षांची झाली.

नातीचं शाळेतलं नाव लव्हर्निया. पण आमच्याकडं मूल टोपलीत मावतं तेव्हाच त्याला घरचं नाव पडतं, आणि तेच जन्मभर चालतं. ही टोपलीतून मान वर काढून टुकुटुकु बघायची, म्हणून कूटर, म्हणजे कासव. बाप सव्हाना शहराला निघून गेलेला, आई पहाटेच्या बसनं हॉटेलात चादरी बदलायला जायची, आर्डेल शाळेत. तेव्हा कूटर वाढली ती पणजीच्या, म्हणजे आर्डेलच्या आईच्या मांडीवर आणि पणजीच्या बोलीत. बोलायची काय पोरगी! भरती आली, खेकडा बिळात शिरला, कोंबडीनं कुत्र्याला पळवलं, तिची गोष्ट सुरू झाली की मटार सोलणाऱ्या बायांचे हात थांबायचे.

नव्या पोरांची परीक्षा घ्यायला शहरातून मिस ऑल्ड्रिच आली. तरणी, गोरी, हसरी. पर्समध्ये पोरांसाठी गोड गोळ्या ठेवायची. तिनं दोनतीनदा लव्हर्निया, लव्हर्निया म्हणून हाक मारली, पण कूटरला ते नाव आपलं वाटलंच नाही. ऐकू कमी येतं की काय, म्हणून मिसनं आर्डेलला बोलावून घेतलं. आर्डेलनं हलक्या आवाजात "कूटर" म्हटलं, तशी पोरगी धावत आली.

मिसनं चित्र दाखवलं, टोपीवाला मुलगा पळतोय. काय चाललंय सांग बरं?

"त्ये पळतंय," कूटर म्हणाली.

दुसऱ्या चित्रात झालरीच्या झग्यातली मुलगी कणीस खात होती.

"त्ये खातंय."

मिसच्या कपाळाला आठी पडली. मुलगा कुठला, मुलगी कुठली, असं तिनं सरळ विचारलं असतं तर कूटरनं बोट ठेवून दाखवलं असतं. पण परीक्षेत तो प्रश्नच नव्हता. एवढी मोठी मुलगी आणि हिला मुलगा-मुलगी कळत नाही, असं मिस स्वतःशीच पुटपुटली. ते आर्डेलच्या कानावर पडलं. समजावून सांगायला म्हणून तिनं तोंड उघडलं, तर इतक्या वर्षांची इस्त्री क्षणात उतरली.

"मिस, त्येला कळतंय. त्ये येडं न्हाई. त्येला समदं कळतंय वो."

मिसनं पेन्सिल खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर कीव होती, राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "असं होय. म्हणजे घरातच असं आहे," ती म्हणाली. "तुझा काही दोष नाही, आर्डेल." आणि कूटरला एक गोळी दिली.

दुसऱ्या दिवसापासून कूटर टोकाच्या खोलीत मणी ओवायला लागली. तिला हाताला धरून तिथं पोचवायचं कामही आर्डेलचंच. वर्षानं पुन्हा एकदा परीक्षा होते, तीत पास झाली तर बाहेर, नाही तर मग कुणी विचारत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

मग आर्डेलनं कंबर कसली. शाळेतून आल्या आल्या पायरीवर बसवायची नि विचारायची. पणजी काय करते? कोंबडी काय करते? मम्मा कुठं जाते? त्ये म्हटलं की मांडीवर चापट. ती बसते, ती दाणे टिपते, ती हॉटेलात जाते, असं आलं की पाठीवरून हात. घरात दुसरं विचारायला होतं कोण? आर्डेलचा नवरा होडीबरोबर बुडाला त्याला जमाना झाला होता. चार बाया आणि कोंबड्या, एवढाच संसार. चापटा हळूहळू कमी झाल्या. पोरीच्या गोष्टीही कमी झाल्या. भरती आली तरी ती गप्प बसून राहायची, विचारलं तरच दोन शब्दांत सांगायची. पणजी एकदा भाताची थाळी बाजूला सारून म्हणाली, "आर्डेल, तू त्येचं बोलणं मारलंस." आर्डेलनं थाळी परत तिच्यापुढं सरकवली. तिला ती खोली दिसत होती.

वर्ष सरलं, मिस ऑल्ड्रिच आली. आर्डेलला दाराशी उभं राहू दिलं. या खेपेला काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. मागच्या वेळी तिच्याच तोंडानं घात केला होता. चित्रं तीच होती. आधी कणीस खाणारी मुलगी निघाली.

"ती खाते," कूटर म्हणाली. स्वच्छ, खणखणीत.

मिस खूश झाली. आर्डेलनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मिसनं टोपीवाला मुलगा पुढं केला.

कूटरनं आधी आजीकडं बघितलं. आज चापट बसणार नव्हती, ते तिला माहीत होतं. ती ताठ बसली आणि म्हणाली, "ती पळते."

नीट बघून सांग, मिस म्हणाली. कूटरला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिनं आणखी मोठ्यानं, आणखी स्वच्छ सांगितलं, "ती पळते." पुढच्या चित्रात दाढीवाला म्हातारा पाइप ओढत बसला होता. "ती बसते." दारात आर्डेलनं ओठ दातांखाली घट्ट दाबून धरले होते. बोललं तर काय बाहेर पडेल याचा तिला भरवसा नव्हता. मिसनं चित्रं गोळा केली, एक गोळी काढून दिली आणि पुढच्या पोराला हाक मारली.

व्हरांड्यात कूटरनं आजीचा हात धरला. "मी एकदाही चुकले नाही ना?" तिनं विचारलं. अगदी शाळेच्या भाषेत, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"न्हाई गं माज्या बाय," आर्डेल म्हणाली, "तू कुठं चुकलीस." साबण जिभेवर येण्याआधी ती अशीच बोलायची. मग तिनं कूटरला टोकाच्या खोलीत नेऊन सोडलं आणि दूध वाटायला गेली.