अंगठा आवळला तो दिवस

नर्सबाईंनी माझा डावा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. हात माझा होता. धरला त्यांनी, फिरवला त्यांनी. मला काही विचारलं नाही.

विचारलं होतं ते माझ्या नवऱ्याला. "सही का अंगठा?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "अंगठाच घ्या बाई. तिला कुटं वाचता येतंय."

नर्सबाई हसल्या. "टेस्ट ट्यूब बेबी पाहिजे, आणि सही अजून शिकायची आहे."

नवरा भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या फोटोकडे बघत राहिला.

मला वाचता येतं. मी चौथी पास आहे. पण आमच्या चर्चची एक रीत आहे. नवी सून पहिल्या रविवारी उभी राहून बायबलमधला शास्त्रपाठ वाचते. मीही उभी राहिले होते. समोर सगळं सासर. अक्षरं स्वच्छ दिसत होती, पण घशातून आवाज निघेना. तिसऱ्या शब्दाला मी खाली बसले. राहिलेला पाठ उपासना चालवणाऱ्या पाळकबाईंनी वाचला. त्या दिवसापासून मी अडाणी. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "सांगितलं न्हाई कुनी, पोरगी अंगठेबहाद्दर हाय म्हनून." वाचता येतं, चारचौघांत बोलता येत नाही, एवढंसुद्धा मला सांगता आलं नाही.

त्याला आठ वर्षं झाली. आठ वर्षांत मूल नाही.

कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला की सासूबाई मला मागच्या बाकावर बसवतात. "म्होरं बसू नको. लोकांला बरं दिसत न्हाई." मी बसते. घोडेगावच्या बाजारात मी कांदा निवडायला जाते, तिथल्या बायका नवी झाडपाल्याची पुडी सांगतात. मी खाते. गोळ्या खाल्ल्या, तोंड सुजलं. नळ्यांची तपासणी झाली. पोटात दुर्बीण घातली. दर वेळी एक कागद, दर वेळी अंगठा. आधीचे दोन डॉक्टर नवऱ्यालाही तपासून घ्या म्हणाले होते. तो म्हणायचा, पुढच्या खेपेला.

नगरच्या या दवाखान्यात मात्र त्यांनी त्याला सोडलं नाही. गेल्या महिन्यात तपासलं. मग डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं आणि दार लावलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "माझं नॉर्मल हाय." सासूबाईंनी ते गावभर सांगितलं.

त्यानंतर त्याच्यासोबत मला आत घेतलं. डॉक्टर त्यालाच सांगत होते. "दोन रस्ते आहेत. आधी नळीने बीज सोडून बघू, नाहीतर थेट टेस्ट ट्यूब."

मी सगळी हिंमत गोळा करून विचारलं, "कशात तरास कमी हाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "यांना नंतर घरी समजावून सांगा. तुम्ही ठरवा."

त्याने ठरवलं. टेस्ट ट्यूब. पोट माझं, सुया मला, आणि ठरवलं त्याने. घरी कुणी काही समजावलं नाही.

तर त्या दिवशी नर्सबाईंनी दुसरा कागद पुढे ओढला. पहिल्यावर माझा अंगठा उठला होता. दुसऱ्यावर नवऱ्याची सही आधीच होती. मी सहज सहीच्या वरचा मजकूर पाहिला. मराठीत छापलेलं होतं.

पतीच्या तपासणीत शुक्रजंतू आढळले नाहीत, असे आम्हांस सांगण्यात आले आहे.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मनात, अक्षर लावत. आम्हांस म्हणजे कोण? मला कुणी सांगितलं होतं?

नर्सबाईंनी अंगठा पुन्हा धरला. मी तो मुठीत आवळला.

"थांबा," मी म्हणाले. "मी वाचते."

आणि खालचं वाक्य मोठ्याने वाचलं. बोट ठेवून, सावकाश. "दात्याचे शुक्रजंतू वापरण्यास आम्हा दोघांची संमती आहे."

या वेळी वाक्य पुरं झालं. दाता शब्द मला चर्चमधून माहीत होता. देणारा. म्हणजे कुणी परका.

"अगं बाई, यांना वाचता येतं!" नर्सबाई म्हणाल्या. गाय बोलल्यासारखं.

सासूबाई पुढे सरकल्या. "दाता? कोन दाता?"

नवऱ्याने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "काय न्हाई आई. औषधाचं नाव हाय. हिच्यासाठीच हाय."

आठ वर्षांत मी पुष्कळ ऐकलं. पण हे माझ्यासमोर, माझ्या हातात कागद असताना. मी पदराने अंगठा पुसला आणि उठले. डॉक्टर आले. म्हणाले, "तुमच्या भल्याचंच आहे. त्यात वाचण्यासारखं काही नाही."

"मग छापलं कशाला?" मी म्हणाले.

माझंच मला नवल वाटलं.

स्टँडवर सासूबाई पाण्याची बाटली आणायला गेल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "गावात तोंड कसं दाखवू मी? तुला तर सवय हाय. आनखी थोडं सोस."

तुला सवय हाय.

तीन दिवस झाले. नखाच्या कडेला शाई अजून आहे. दिवसभर कांदा निवडूनही गेली नाही. मला राग येत नाही. रागालाही अंगात जोर लागतो, तो उरलेला नाही. त्याच्यात बीज नाही, यात त्याचा काय दोष? मला त्याने सांगितलं असतं तर मी त्याचा हात धरला असता. परक्याचं बीज घेऊन मूल वाढवायलाही मी कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित संस्थेतून बाळ दत्तक आणू म्हटलं असतं. कदाचित राहू दे, आता सुया नकोत, आपण दोघं बरे आहोत म्हटलं असतं. तीन रस्ते होते. मला एकही दाखवला नाही.

काल चुलीपुढे मी त्याला सांगितलं. रागाने नाही. पाणी मागावं तसं.

"तुमचा रिपोर्ट तुमच्या तोंडानं आईंना वाचून दाखवा. माझ्यासमोर. मग आपन दोघं बसू, आन् काय करायचं ते मी सांगन. तवर माझं बोट कुटल्याबी कागदावर उठनार न्हाई."

तो उठून बाहेर गेला. त्याने रिपोर्ट वाचून दाखवला नाही तर रविवार आहे. मी मागच्या बाकावर बसणार नाही. पाळकबाईंना सांगून ठेवलंय, या रविवारचा शास्त्रपाठ मी वाचणार. सगळ्यांसमोर, तिसऱ्या शब्दाच्या पुढे, शेवटपर्यंत. मग सासूबाईंनी विचारलं की कागदावर काय होतं, तर तेही वाचल्यासारखं सांगेन.