डोळे झाकून आणलेला खेकडा

आता काय सांगू तुम्हाला, अशी माती खाल्ली मी! आणि गोष्ट शंभर टक्के खरी हां. वडखळ नाक्यावर मधोमध उभा राहून शपथ घेतो. बरं, नव्वद टक्के धरा. त्या नाक्यावर ट्रॅफिकमधून उभं राहायला जागा कुठे असते?

मी रोह्याचा. वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. गावातला प्रत्येक भावी नगरसेवक मीच गोरा केलाय! अशा माणसाला मुंबईच्या अ‍ॅनिमेशन कंपनीचा फोन. खाडीवरचा मुलांचा सिनेमा. त्याच्या बाहुल्या, टी-शर्ट, दप्तरं, सगळ्यांचं डिझाइन करायचं. "आधी खलनायकाचा नमुना आणा. आवडला तर सगळं काम तुमचं." नाही आवडला तर? परत फ्लेक्स!

खलनायक म्हणजे डेंग्या नावाचा खेकडा. महाकपटी.

मला मातीकाम येत नाही. गाठलं हमरापूर, सुमनकाकींचा गणपतीचा कारखाना. चित्रं दिली, पण डोळ्यांचं तेवढं घरी राहिलं.

"डोळे कसे काढू रे?"

"तुमचा हात बसलाय तसे काढा, काकी!"

झालं! आणायला गेलो तर डेंग्याच्या तोंडावर रुमाल.

"बघू तरी, काकी."

"नाय! वाटेत तोंड उघडायचं नाय. जागेवर नेऊन ठेवलास की मग."

"अवो, खेकडा हाय तो!"

"असू दे. माझ्या कारखान्यातून कोण उघड्या तोंडानं गेलाय आजवर?"

मला पटलं हो! आमचाही गणपती तसाच येतो. डेंग्याला मांडीवर घेऊन मुंबईला निघालो. गाडी खड्ड्यात आदळली की माझ्या तोंडून 'मोरया'!

कंपनीत दिग्दर्शक मॅडम, भोवती त्यांची माणसं. मी ऐटीत रुमाल ओढला.

आई गं! नांग्या, म्हणजे आमचे डेंगे, उगारलेले, दात विचकलेले, आणि वर लांबसडक, पाणीदार, मायेनं भरलेले डोळे! 'ये बाळा, काय हवं ते माग' म्हणणारे!

मॅडमनी नकळत हात जोडले. मग भानावर आल्या. "हा खलनायक?"

मी ताडकन म्हणालो, "मॅडम, दुष्ट डोळे कोणीही काढेल. हा शेवटी सुधारणार, ते आत्ताच दिसतंय!"

मॅडमनी टेबलावर थाप मारली. "अरे, हाच तर शेवट सापडत नव्हता!"

सिनेमाचा शेवट बदलला राव! सगळं काम मला मिळालं. आज नायकाला कुत्रं विचारत नाही, डेंग्या धडाधड खपतोय. प्रत्येक बाहुलीच्या तोंडावर इवलासा रुमाल! पोरं घरी नेऊनच उघडतात. हमरापूरला काकी ऐटीत सांगतात, "आमचा खेकडा सिनेमात हाय!"

काय म्हणता? ऐन वेळी एवढं सुचलं कसं मला?

बरं, चहा तुम्ही पाजलात म्हणून उरलेले दहा टक्के सांगतो. बाहुल्या खऱ्या, रुमाल खरा. सुधारण्याचं ते वाक्य मात्र मॅडमचं. आणि हात त्यांनी नव्हते जोडले. घाबरून डोळे मिटून मीच उभा होतो डेंग्यापुढे, "बाप्पा, या वेळेस सांभाळून घे!" म्हणत.

तेही मोठ्यानं!