कवटीतली हवा आणि मावशीचा नारळ

१९५९ च्या हिवाळ्यात अकोल्याच्या इस्पितळात माझ्या आईच्या डोक्याचा एक्स-रे काढला. कवटीच्या आत, कपाळामागे, हवेचा काळा डाग होता. तिला कुठेही मार लागलेला नव्हता.

आई कापसाच्या जिनात सरकी काढायच्या यंत्रावर होती. चार दिवसांपासून वाकलं की तिच्या डोक्यात पाणी हलल्यासारखा आवाज येई आणि एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी गळे.

डॉक्टरांनी विचारलं, "पडलात? कोणी मारलं?"

"नाही."

त्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं.

"त्यायच्याकडे काय पाहता साहेब?" आई म्हणाली. "त्यायनं मारलं असतं तं मीच सांगतलं असतं."

जिनातल्या बायकांची एक सवय होती. यंत्रांच्या घरघरीनं कान गच्च होत. सुटी झाली की त्या नाक दाबून, तोंड मिटून, कान मोकळे होईपर्यंत आतल्या आत जोर लावत. पंधरा दिवस सर्दी असूनही आईनं तसा जोर रोज लावला. डॉक्टरांना ती ते करूनच दाखवायला निघाली. त्यांनी तिचा हात धरला. नाकामागचं हाड जुन्या सर्दीनं झिजलं असावं, तिथून हवा वर गेली, असं ते म्हणाले.

उपचार असा: उशाकडून खाट उंच करून पडून राहायचं, पेनिसिलिनची इंजेक्शनं घ्यायची, नाक शिंकरायचं नाही. हवा जिरली नाही, तर नागपूरला नेऊन कवटी उघडायची.

तिसऱ्या दिवशी अमरावतीहून मावशी आली. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता, देव नदीत सोडले होते. मावशीच्या सासरी ते झालं नव्हतं.

"मरीआईले बुडवलं तुमी. तेच डोस्क्यात बसली," ती म्हणाली. "हा नारळ नवसाले बोल तिले. नाही तं डोस्कं फोडतीन हे लोकं."

"नदीत तं मीच सोडली तिले. डोस्क्यात यायची वाट कोनं दाखवली?"

"मराच्या टायमाले तरी जीभ आवर, बाई!"

"नाक शिंकराची मनाई हाय. जिभेचं डाक्तर काही बोलले नाही."

मावशी नारळ खाटेखाली ठेवून गेली. आईनं तो बोलला नाही.

दहाव्या दिवशी नाकातलं पाणी थांबलं. अठराव्या दिवशीच्या एक्स-रेत हवा नव्हती. घरी निघण्याआधी आईनं वडिलांकडून नारळ फोडून घेतला आणि वॉर्डातल्या बायकांना वाटला.