फोन आणि ओले हात

दातिवऱ्याला आमच्या अंगणात आई बोंबील धूत बसली होती आणि वडिलांचा फोन आला. समुद्रातून त्यांचा फोन सहसा येत नाही, कारण रेंजच नसते. किनारा जवळ आला की मिळते ती घटकाभर. म्हणून आई तशीच ओल्या हातांनी धावली. हिरवं चिन्ह वर सरकवू लागली. फोन ढिम्म. पदराला बोट पुसलं, पुन्हा सरकवलं. तेवढ्यात मनगटावरचं पाणी लाल चिन्हावरून ओघळलं आणि फोन कट झाला.

होडीचं इंजिन बंद पडलं होतं. कुणाला तरी पाठव, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पुन्हा रेंज मिळाली नाही. शेवटी परतणाऱ्या एका होडीने त्यांना ओढत आणलं, तोवर सांज झाली.

"फोन कापलास कशाला?" घरात आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"मी नाय कापला. त्याला माजं बोट कलतच नाय," आई म्हणाली. त्यांना ते पटलं नाही. मी बोईसरहून कामावरून आले तेव्हा ती रडत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाण्याच्या ओघळाला बोट समजणारं हे यंत्र, आणि माझ्या आईचं बोट त्याच्या खिजगणतीत नाही. थंडगार खोलीत बसून बनवलं असेल कुणी. कोळणीच्या हातात देऊन बघायची बुद्धी एकालाही झाली नाही. तिचा जुना बटणांचा फोन खवल्यांनी माखलेला असायचा, तरी दाबला की बोलायचा. तो बिघडला म्हणून हे अवलक्षण घरात आलं.

रविवारी तिला घेऊन पालघरच्या दुकानात गेले. दुकानदाराने काच पुसली, स्वतःच्या बोटाने फोन चालवून दाखवला आणि म्हणाला, "फोन चांगला आहे. मावशी, हात कोरडे ठेवत जा."

मासेवालीला सांगतोय. मी त्याला नको नको ते बोलले. बटणांचा फोन मागितला, तर पुढच्या आठवड्यात या म्हणाला. आई मात्र त्याच्यापुढे मान हलवत उभी होती, जणू चूक तिचीच. मला तिचाही राग आला.

वडील पुन्हा समुद्रावर गेले त्या दिवशी मी घरी आले, तर सकाळी आणलेले बोंबील पाटीत तसेच पडलेले. माश्या घोंघावत होत्या. आई ओट्यावर बसली होती. मांडीवर फोन, दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले.

"आये, पानी तरी पिलीस का?"

"नको," ती म्हणाली. "तुजा बाप येऊ दे. हात वले व्हतील."