मुलतानचा फोन

माझे वडील अकोल्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसाचा सीझन आला की रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं दिवाळीपासून होळीपर्यंत थांबत नसत, आणि त्या दिवसांत बाबा घरी फक्त जेवायला येत. त्यांच्या भुवयांवरही रुईचे तंतू असायचे. मग ती वाईट वर्षं आली. कापूस पिकेना, पिकला तर परवडेना, आणि फॅक्टरीच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागायची ती लागेनाशी झाली. शेवटी मालकाने यंत्रं विकायला काढली. ती खोलून ट्रकमध्ये चढवायचं कामही बाबांनीच केलं, आणि त्यानंतर ते दुबईला गेले. गाव दुसरंच होतं, पण आमच्याकडे आखातातल्या सगळ्याच गावांना दुबई म्हणतात.

तिथे ते पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागले. कामगारांच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत एकावर एक पलंग. खोलीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. बाबा झाले ‘अकोला’. त्यांच्या वरच्या पलंगावर होता ‘मुलतान’.

हा मुलतान सीमेपलीकडचा. पण तोही कापसाच्या मुलखातला, आणि तोही जिनिंगमधलाच माणूस. पहिल्याच संध्याकाळी दोघांना ते कळलं आणि रोलर, पट्टे, सरकीचा तेलकट वास यांच्यावर जे बोलणं सुरू झालं ते पुढे बाबा तिथे असेपर्यंत संपलं नाही. बोंडअळी त्यालाही ठाऊक होती. ओला कापूस यंत्रात अडकला की कसा आवाज येतो तो आवाज तो तोंडाने काढून दाखवायचा, आणि बाबा म्हणत, हुबेहूब.

त्या माणसाबद्दल आणखी एक गोष्ट बाबांनी मला फार उशिरा सांगितली. आम्ही बौद्ध. अकोल्याच्या फॅक्टरीत बाबांनी उमेदीची वर्षं घालवली, यंत्र बिघडलं की सगळे त्यांच्याच नावाने ओरडत यायचे, पण चहा मात्र त्यांना कायम वेगळ्या कपात मिळाला. आजोबांचा काळ मागे पडला, कप मागे पडला नाही. मुलतानने पहिल्या संध्याकाळी ताट मध्ये ठेवलं आणि म्हणाला, जेव. बाबा थोडा वेळ थांबले, आता हा काही विचारेल म्हणून. त्याने विचारलं ते एवढंच, की तुमच्या फॅक्टरीत यंत्रं कोणत्या बनावटीची होती.

“तिथं मी कोन हाय हे कोनीच इचारलं नाई,” बाबा मला म्हणाले. “कोनती मशीन चालवतो, एवढंच.”

गुडघे दुखायला लागले तेव्हा बाबा परत आले. मुलतान आणखी काही महिने तिथेच राहणार होता. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन यायचा. मी तेव्हा अमरावतीला एका शाळेत शिकवत होते आणि शनिवारी दुपारी बडनेऱ्याहून गाडी पकडून घरी जायचे. घरात शिरताच आई सांगायची की काल मुलतानचा फोन येऊन गेला, म्हणून तुझे बाबा खुशीत आहेत. पुढे एका शुक्रवारी त्याने सांगितलं की मी कायमचा घरी चाललोय, तिकडे नवीन नंबर घेतला की फोन करतो. बाबांनी आपला नंबर त्याला दोनदा वाचून दाखवायला लावला. त्यानंतर फोन बंद झाले.

बाबा वाट पाहू लागले. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. फोन खिशात असायचा, अंघोळीला जाताना आईच्या हातात. रेंज जाते म्हणून ते मागच्या खोलीत झोपेनासे झाले. आई म्हणायची, माणूस घरी गेला, आपल्या लेकराबाळांत रमला असेल. बाबा नुसतं “हो” म्हणायचे.

आणि मग एक दिवस ब्याण्णव आकड्याने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन आला. तो तिकडचा आकडा आहे हे बाबांना पाठ होतं. त्यांनी इतक्या घाईने फोन कानाला लावला की चष्मा खाली पडला. पलीकडून एक अनोळखी माणूस उर्दूत म्हणाला की मुबारक हो, तुमच्या नंबरला पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे. बाबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आप मुलतान के हो क्या?”

तो माणूस गोंधळला. पुन्हा लॉटरीवर आला. बाबांनी पुन्हा मुलतानचं विचारलं. त्याने फोन ठेवून दिला.

तेव्हा असे फोन सगळ्यांनाच येत होते. कधी लॉटरी, कधी कर्ज, कधी कुठल्याशा बेटावरच्या नंबरवरून एकच रिंग. पेपरात छापून यायचं की असे नंबर उचलू नका. शेजारपाजारचे लोक उचलून शिव्या द्यायचे किंवा कट करायचे. आमच्या घरी मात्र प्रत्येक फोन उचलला जायचा आणि शेवटपर्यंत ऐकला जायचा, कारण आकडा तिकडचा होता आणि बोलण्याची ढब थोडी तरी मुलतानसारखी होती. एका शनिवारी मी घरात शिरले तर बाबा लॉटरीवाल्याला विचारत होते की यंदा तुमच्याकडे पाऊस कसा आहे. मी हसले. आई हसली नाही. तिचा भाऊ, माझा मामा, सरकारी ऑफिसात कारकून होता, आणि तिकडचे फोन घरी येतात हे कळलं तर पोलीस दारात येतील असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं.

त्या लॉटरीवाल्यांतला एक जण मात्र बाबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला थांबला. म्हणाला, मी मुलतानचा नाही, पण तिथे माझे नातेवाईक आहेत, कुणाला शोधताय? बाबांनी सगळं सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, कोणत्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये तो पूर्वी होता तेही सांगितलं. त्या माणसाने चौकशी करतो म्हणून कबूल केलं. पुढे तो अधूनमधून फोन करायचा, लॉटरीचं नावही काढायचा नाही, चौकशी चालू आहे एवढंच सांगायचा. बाबा त्याला दुवा द्यायचे. मी त्यांना समजावून पाहिलं. म्हटलं, बाबा, हा फसवणारा माणूस आहे, तुमीच त्याला सगळं सांगून टाकलं.

“मले समजते,” ते म्हणाले. “पन एखांद्या वेळी फसवनाराबी खरं काम करते. करते का नाई?”



पोळ्यानंतर एका सोमवारी, शाळेला सुट्टी म्हणून मी घरी असतानाच, त्या माणसाचा फोन आला. तुमचा दोस्त सापडला, तो म्हणाला, पण हालत चांगली नाही. इस्पितळात आहे, छातीचा आजार आहे, ऑपरेशनला पैसे लागतील. किती आणि कुठे भरायचे तेही त्याच्याजवळ तयार होतं. बाबांनी स्पीकर लावला होता, त्यामुळे आम्हीही ऐकत होतो. त्यांनी फोन हातात तसाच धरून आईला खुणेनेच बँकेचं पासबुक मागितलं. आई दारात आडवी उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही, पण हललीही नाही. म्हणाली, आधी त्याच्याशी बोला. बोलता येत असेल तर त्यालेच बोलू द्या.

बाबांनी तसं सांगितलं. पलीकडे थोडी कुजबुज झाली, आणि मग दुसरा आवाज आला, खोकत, दम लागल्यासारखा. भाईजान, तो आवाज म्हणाला, भाईजान, मला वाचवा.

तो आवाज पुन्हा भाईजान म्हणाला. बाबांनी हळू विचारलं, “मैं कौन?”

“आप मेरे भाईजान हैं, और कौन?”

“हौ, पर मैं कौन? तू मेरे कू क्या बोलता?”

पलीकडे खोकला सुरू झाला. बाबा थांबले. मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि अजूनही दिसतो. फसवणूक पकडणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. ‘अकोला’ हा एक शब्द त्या माणसाने कुठून तरी, कसाही उच्चारावा म्हणून ते अक्षरशः आशेने थांबले होते. तो शब्द आला असता तर माझी खात्री आहे, आई दारात उभी असतानाही ते बँकेकडे निघाले असते.

“नहीं भाई,” शेवटी ते म्हणाले. “तुम वो नहीं.” आणि फोन ठेवला.

आईने पाणी आणून दिलं. बाबा म्हणाले, बरं झालं. आम्हाला वाटलं, फसलो नाही म्हणून म्हणताहेत. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “बरं झालं, म्हंजे तो बिमार नाई.”

त्याच आठवड्यात मामाने येऊन बाबांचं सिम बदललं. जुनं काढून कात्रीने कापलं आणि नवीन नंबर फक्त घरच्यांना दिला. बाबांनी विरोध केला नाही. फोन यायचे बंद झाले ते सगळेच बंद झाले. आईला बरं वाटलं, मलाही वाटलं. पण शनिवारी घरी गेले की फोन टीव्हीवर पडलेला असायचा आणि बाबा मागच्या खोलीत झोपलेले असायचे. जिथे रेंज येत नाही, त्याच खोलीत.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एक माणूस आमचं घर शोधत आला. तो बाळापूरचा सुतार, बाबांच्याच कंपनीत होता, सुट्टीवर आला होता. खजुराचा डबा आईच्या हातात देऊन तो बसला, चहा झाला, गुडघ्यांची विचारपूस झाली. मग सहज बोलावं तसं तो बाबांना म्हणाला, “अरे, वो मुलतान बोल रहा था, अकोला फोन काहे नहीं उठाता?”

मुलतानने घरी पोचून बरेच महिने कसेबसे काढले होते; वडील गेले, मग घराची वाटणी. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर त्याने नंबर लावला तर तो बंद. पुन्हा लावला. पुन्हा बंद. शेवटी त्याने खोलीवरच्या जुन्या मित्रांना फोन करून विचारलं होतं.

मला वाटलं, बाबा आता मामावर चिडतील, आईकडे बघतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हंजे तो लावून राहिला होता.” आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

सुताराजवळ त्याचा नंबर होता. बाबांच्या मोबाईलवरून परदेशी फोन लागत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टेशनजवळच्या एका फोनबूथवर घेऊन गेले. काचेच्या त्या डब्यात फार उकडत होतं. फोन एका बाईने उचलला. बाबांनी सांगितलं, अकोला बोलतोय. ती बाई लगेच कुणाला तरी मोठ्याने ओरडून म्हणाली, “अकोला! अकोला!” तिथे त्या घरात, जे मी कधी पाहिलं नाही, आमच्या गावाचं नाव एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेलं मी ऐकलं.

मग तो आला. दोघं काय बोलले? मी तिथेच उभी होते म्हणून सांगू शकते. कापसाचं बोलले. यंदा भाव काय, अळी आहे का, जिनिंग चालू आहेत का. त्याचं जिनिंग चालू होतं. बाबा म्हणाले, चलाव, चलाव. समोरचा मीटर फिरत राहिला. बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. शेवटी तिकडून त्याने तोंडाने तो ओल्या कापसाचा आवाज काढला असावा, कारण बाबा एकदम हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

त्यानंतर तीन-चार वेळा बोलणं झालं, ईदला, दिवाळीला. मग दोन देशांत काहीतरी बिनसलं, बूथवाला तो नंबर लावून द्यायला कचरू लागला. पुढे बूथच बंद झाले. आणि जेव्हा माझ्या मोबाईलवरून लावायची सोय झाली, तेव्हा तो नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता. बाळापूरच्या सुतारालाही नवा नंबर ठाऊक नव्हता.

बाबा शेवटची काही वर्षं अमरावतीला माझ्याकडे राहिले. तोवर माझ्याकडे मोठ्या पडद्याचा फोन आला होता. एका दुपारी त्यांनी विचारलं, त्यात नकाशा दिसतो का. मी दाखवला. आधी अकोला काढलं, मोर्णा नदी दाखवली. ते म्हणाले, आता तिकडचं काढ. मी बोटाने नकाशा सरकवत वर नेला, सीमेची रेघ आली, गेली, आणि मुलतान आलं. वरून काढलेल्या फोटोत गावाबाहेर चौकोनी शेतं होती, आणि रस्त्याकडेला मोठ्या पत्र्यांच्या इमारती. बाबांनी चष्मा कपाळावर घेतला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. एका इमारतीच्या अंगणात पांढरा ढीग दिसत होता. कापूस होता की आणखी काही, मला सांगता आलं नसतं.

“हे पाय,” बाबा म्हणाले, “गंजी लागली हाय. सीझन चालू हाय त्यायचा.”

मग त्यांनी फोन मला परत दिला नाही. पडदा विझायला लागला की बोट लावून ते तो पुन्हा उजळत राहिले, आणि मी उठून चहा ठेवायला आत गेले.