चिखलातले पाय कोर्टावर

शिट्टी फुंकायला काय अक्कल लागते, असं मलाही वाटायचं. लोणावळ्यातल्या एका शाळेत मी खेळ शिकवते. पण बास्केटबॉलची पंच व्हायचं तर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. मागच्या खेपेला मी त्यात सपशेल आपटले होते. यंदा पुन्हा आपटले असते तर शाळेत तोंड दाखवायची सोय नव्हती.

परीक्षा म्हणजे मुलींचा खराखुरा सामना. एका बाजूला खंडाळ्याच्या मुली, दुसऱ्या बाजूला वडिवळ्याच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या गावच्या. मावशी शेजारपाजारच्या बायका घेऊन हजर. टेबलाशी परीक्षक बसलेले, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

नियम तसा साधा. चेंडू हातात धरून थांबलात की एक पाय जमिनीला खिळला. दुसरा हवा तिकडे टाका, गरगर फिरा, पण खिळलेला जागचा हलवायचा नाही. हलला की ट्रॅव्हलिंग, चेंडू समोरच्यांना. आणि आमच्या वडिवळ्याच्या पोरी! चेंडू हातात आला की दोन्ही पाय आळीपाळीने उचलत बसायच्या. कारण मला ठाऊक होतं. नुकतीच भातलावणी उरकली होती. चिखलात एकच पाय रोवून ठेवला तर तो रुतत जातो, म्हणून बायका सारखे पाय बदलतात. पोरी तीच सवय घेऊन कोर्टावर आल्या होत्या.

मी शिट्टी मारत सुटले. दर वेळी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून खूण करायची.

"ही काय सूत गुंडाळती का?" मावशी ओरडली. "लेकरांना खेळू दे की गं! तू आमची हायेस का त्यांची?"

असा संताप आला म्हणून सांगू! पण पंचाला उलटून बोलता येत नाही.

मध्यंतरात पोरींना त्यांच्या बाईंनी चांगलंच झापलं असावं. नंतर पाय टिकायला लागले. अगदी शेवटी वडिवळं एका गुणाने मागे होतं. त्यांच्या कॅप्टनने रिंगखाली चेंडू पकडला, डावा पाय रोवला, इकडे वळली, तिकडे वळली, आणि उजव्यावर भार देत डावा उचलून चेंडू फेकला.

"पाय उचलला! उचलला!" खंडाळ्याची अख्खी बाजू उभी राहिली. मावशीनेही कपाळावर हात मारला. शिट्टी माझ्या दातांत होती. मी फुंकली नाही. चेंडू आत गेला आणि वेळ संपली.

परीक्षकांनी बोलावलं. "पाय उचललेला दिसला का?"

"दिसला सर. पण चेंडू फेकताना उचललेला चालतो. तो परत खाली टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला होता."

"आणि आधी टेकला असता तर?"

"तर फुंकली असती. मग मावशीच्या घरी जन्मात जेवायला मिळालं नसतं."

ते चक्क हसले आणि पास म्हणाले. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

मावशी धावत आली, माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लय ग्वाड झालं बघ. आता पुढल्या लावणीला आमच्या खाचरात यायचं. एक पाय जागचा हलवायचा न्हाई. शिट्टी मी मारणार."