भिंतीवरचे कॅमेरे

चहा आधी पिऊन घ्या, मंग सांगतो. मागच्या वेळेस हा किस्सा सांगितला तर आमच्या व्याह्यांच्या नाकातून चहा आला, अन् ते माझ्यावरच रुसले. आता फजिती माझी, त्यात चूकही माझी, हे कबूल. पण त्यांच्या नाकाची जबाबदारी मी कशी घेऊ?

तुमाला ठाऊकच आहे, मी चार बुकं शिकलेला माणूस. मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावली, तेव्हापासून शाळेनं माझी अन् मी शाळेची आशा सोडली. पण डोकं काही रिकामं बसत नाही. एकदा मी गावात पुडी सोडली, की बेल्याहून डॉक्टर येऊन म्हशींचे दात तपासणार आहे, अन् पिवळ्या दाताच्या म्हशीला लस मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव म्हशींच्या तोंडात कडुनिंबाची काडी घालून उभं. आमचे सरपंच विठ्ठलराव आपल्या म्हशीची हनुवटी धरून म्हणत होते, "आ कर ना बाई, आ कर."

तर असा मी. असा माणूस एक दिवस खरं बोलायला गेला तर काय होतं, ते ऐका.

माझी नात प्रज्ञा इंजिनेर झाली. आमच्या जिल्ह्याच्या गावी, आदिलाबादला असते. इंजिनेर लोकांची एक मोठी संस्था असते म्हणे, अन् एका घरात चार सुनांच्या चार चुली व्हाव्या तशा त्या संस्थेच्या शाखा. पुलावाले वेगळे, पाण्यावाले वेगळे, यंत्रावाले वेगळे. प्रज्ञाची शाखा नुसती माती अन् पाया बघते. घराचं जे वर दिसतं ते त्यांचं नाही. जमिनीखाली जे कोणालाच दिसत नाही, तेवढं त्यांचं.

"म्हंजे चुकलं तरी कोनाले दिसत नाही," मी म्हटलं. "हुशार हायेस वं तू."

"खाली चुकलं तं वर भिंत फाटते आबा," ती म्हणाली. "मंग साऱ्यायले दिसते."

अन् फाटकी भिंत आमच्याकडं होतीच. आमचं समाजमंदिर. आता आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात ही माती फुगून बसते अन् उन्हाळ्यात अशी आटते, की वावरात पडलेल्या भेगेत चप्पल गेली तर माणसानं दुसरीही टाकून द्यावी. तिच्यावर बांधलेली भिंत काय करणार? समाजमंदिराच्या एका भेगेत सरड्याचं बिऱ्हाड होतं. जयंती तिथं, लग्नं तिथं, बैठका तिथं. पण त्या भिंतीला टेकून बसायला कोणी तयार नाही. लग्नात आमी नवरदेवाकडच्या पाहुण्यांना आग्रह करकरून तिकडं बसवायचो.

दिवाळीनंतर प्रज्ञा आली ती काचेच्या पातळ पट्ट्या घेऊन. प्रत्येक भेगेवर एक पट्टी आडवी धरायची अन् दोन्ही टोकांना पांढरा गिलावा लावून चिकटवायची.

"भिंतीले चष्मा लागला का वं?" मी विचारलं.

"चष्मा नाही आबा. ऐका, ही काच काऊन लावली सांगते तुमाले…"

ती समजावून सांगत होती. खोटं कशाला बोलू, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. ती काच चकाकत होती, तिच्यात माझं तोंड दिसत होतं, अन् माझ्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं होतं.

प्रज्ञा बसमध्ये बसली अन् मी थेट पानठेल्यावर. आवाज बारीक करून विठ्ठलरावांना म्हटलं, "कोनाले सांगू नका. त्या काचा साध्या नाहीत. सरकारी कॅमेरे हायेत. समाजमंदिरात कोन काय करते, सारं तिकडं हैदराबादेत दिसते."

कोणाला सांगू नका म्हटलं की आमच्या गावात दवंडीची गरज पडत नाही.

काय सांगू तुमाला, गावाचा नूरच बदलला. समाजमंदिरात तंबाखूचा खर्रा थुंकणं बंद. पत्त्यांचा डाव उठून पिंपळाखाली गेला. बायका त्या भिंतीजवळून जाताना पदर सारखा करायच्या. विठ्ठलरावांनी तर खिशात कंगवा ठेवला. आत शिरायच्या आधी दारात भांग पाडायचे, अन् बैठकीत बोलताना आमच्याकडं न पाहता भिंतीकडं पाहून बोलायचे. हिवाळाभर माझी करमणूक चालली. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसायचो. माझी बायको शेवंता म्हणायची, "हसा, हसा. एक दिवस हेच हसू गळ्यात येईन तुमच्या."

होळी झाली. उन्हं तापली. अन् प्रज्ञाचा फोन आला. आवाजच वेगळा होता पोरीचा.

"आबा, येत्या रविवारी आमची सारी शाखा गावात येऊन राह्यली."

झालं होतं असं. काळ्या जमिनीवरची एकच इमारत त्यांची शाखा यंदा हाती घेणार होती. पाया दुरुस्त करून देणार अन् त्यावर अभ्यास करणार. जैनथकडच्या एका गावाची शाळा अन् आमचं समाजमंदिर, यातलं एक. आमचं नाव प्रज्ञानं लावून धरलेलं. शाखेत सगळ्यात लहान तीच, अन् सगळ्या मोठ्या लोकांसमोर पहिल्यांदा उभी राहून बोलणार होती.

"आपलं समाजमंदिर घेतीन आबा ते, मले खात्री हाय. फक्त तुमी त्या दिवशी काही करू नका."

"मी काय करतो?"

"काहीच करू नका. नुसते बसा."

आता मला सांगा, नुसतं बसायला मला कधी जमलं आहे का?

रविवार उजाडला. मी नवं धोतर, पांढरी टोपी घालून तयार. तेवढ्यात विठ्ठलराव धापा टाकत अंगणात आले. भांगसुद्धा पाडलेला नव्हता, यावरून समजा.

"नामदेवभाऊ, घात झाला. कॅमेरे फुटले."

"कोनता?"

"कोनता काय, सारेच."

धावत गेलो. खरंच की. एकूण एक पट्टी मधोमध तडकलेली. मला वाटलं, पोरांचा चेंडू लागला. समाजमंदिरात हे एवढं गाव जमलेलं, अन् सगळे काचांकडं न पाहता माझ्याकडं पाहत होते.

"मी नाही फोडले," मी म्हटलं.

"तुमी नाही तं कोन? म्हशीचे दात कोन घासाले लावले होते?"

"त्याचा अन् याचा काय संबंध?"

"सरकारी मालाची तोडफोड हाय हे," विठ्ठलराव म्हणाले. "साहेब लोक येऊन राह्यले. आता पोलीस येतीन. पंचनामा होईन. पहिलं नाव माहं, मी सरपंच हावो."

माझ्यासमोर दोनच रस्ते. एक तर सांगून टाकायचं, की बाबांनो, ही नुसती काच आहे अन् हिवाळाभर तुमी काचेसमोर भांग पाडत होता. पण चिडलेलं गाव अन् हातात झाडू घेतलेल्या बाया पाहून तो रस्ता मला काही बरा दिसला नाही. दुसरा रस्ता, नवीन काचा.

शेवंता म्हणाली, "पोरीले फोन लावा आधी."

"काऊन तिच्या जिवाले घोर लावते? आल्यावर सारं नवंकोरं पाहीन अन् खूश होईन."

लक्षात ठेवा हे वाक्य.

विठ्ठलरावांच्या मोटरसायकलवर बसून बेल्याला गेलो. फोटोच्या चौकटी करणाऱ्याला दुकान उघडायला लावलं. त्यानं विचारलं, काच कशाला पाहिजे? विठ्ठलराव त्याच्या कानात म्हणाले, "कॅमेऱ्याले." त्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं अन् गुपचूप पट्ट्या कापायला घेतल्या.

आलो. जुन्या पट्ट्या खरवडून काढल्या, नव्या लावायला घेतल्या. तर शेवंताची बहीण म्हणते, "भाऊजी, एवढी चांगली काच अन् खाली भिंत फाटकी, बरं दिसते का?" खरंच होतं की. पाहुणे येणार म्हणून आपण घर सारवून पोतारतो, मंग हे तर समाजमंदिर. कोणी सिमेंट आणलं, कोणी चुना कालवला. सगळ्या भेगा लिंपल्या. सरड्याला बिऱ्हाड हलवायला लावलं. वरून चुन्याचा हात मारला अन् त्यावर काचा चिकटवल्या. अहो, भिंत अशी गुळगुळीत झाली की नवरीनं लाजावं. फुटक्या काचा पोलिसांना सापडू नयेत म्हणून विठ्ठलरावांच्या उकिरड्यात पुरल्या अन् वरून ताजं शेण टाकलं. सगळं गाव एका जिवानं राबलं. मला तर भरून आलं.

अन् गाड्या आल्या.

प्रज्ञा पुढं, मागं सगळी शाखा, पायात जाड बूट. त्यांचे मोठे साहेब म्हणजे राव सर, तेलुगू माणूस, पांढऱ्या मिशा, बोलायला गोड. मला पाहून म्हणाले, "नमस्ते ताता." त्यांच्यात आजोबाला ताता म्हणतात, अन् पोरीलाही मायेनं अम्मा. प्रज्ञा दारातच थांबून सांगायला लागली. हात काय हलत होते तिचे, डोळे काय चमकत होते. माती कशी आटते, भिंत कशी ओढली जाते, आत चला दाखवते.

सगळे आत गेले.

प्रज्ञाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

समोर पांढरीशुभ्र भिंत. त्यावर नव्या पट्ट्या. अन् भिंतीसमोर रांगेत उभं राहून भांग पाडलेलं गाव, कॅमेऱ्यात हसून राह्यलं.

"प्रज्ञा अम्मा," राव सर म्हणाले, "क्रॅक किधर है?"

सर एकेका पट्टीजवळ गेले. "काच तो सब साबूत है, एक भी टूटा नहीं. मतलब दिवार हिली नहीं. बिल्डिंग को कुछ नहीं हुआ, अम्मा. चलो, जैनथवाला स्कूल देखेंगे."

प्रज्ञा माझ्याकडं वळली. डोळ्यात पाणी. हळूच म्हणाली, "आबा, काच तुटासाठीच लावली होती. भेग वाढली की काच तुटते. तुटली म्हंजेच भिंत हालते, हे दिसते. तुमाले सांगितलं होतं ना मी."

माझ्या पायाखालची ती काळी जमीन, तिथल्या तिथं सरकली. पाया कसा हालतो ते मला तेव्हा समजलं.

मी पुढं झालो. "साहेब, सारी काच तुटली थी. मैं बदल्या. भेग बी मैंनेच बुजवल्या."

आयुष्यात पहिल्यांदा इतकं खरं बोललो असेन. अन् माझी सख्खी नात काय म्हणते? "आबा, आज तरी थट्टा नको."

"थट्टा नाही वं. देवाशपथ."

"तुमी देवाले कधीपासून मानाले लागले?"

तोवर राव सरांनी एका पट्टीच्या गिलाव्यावर बोट ठेवलं होतं. बोट आत गेलं. त्यांनी बोट पाहिलं, मला पाहिलं. "ताता, ये तो ताजा है. पर पुराना काच टूटा था, ये कैसे मानूं? तुमने साबूत निकाले होंगे तो?"

मी विठ्ठलरावांकडं पाहिलं. साक्ष द्या म्हणून डोळ्यांनी विनवलं. विठ्ठलरावांना वाटलं पंचनामा सुरू झाला. ते हात जोडून पुढं आले. "साहेब, हमने कुछ नहीं फोड्या. तुमच्या कॅमेऱ्यातच पाहून घ्या ना, कोन फोडलं ते."

"कौनसा कॅमेरा?"

"हे काय," विठ्ठलरावांनी काचेकडं बोट केलं. "हे सारे."

राव सरांनी प्रज्ञाकडं पाहिलं. प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं. मंग सगळ्या गावानं माझ्याकडं पाहिलं. विठ्ठलरावांनी खिशातला कंगवा काढला, त्याच्याकडं पाहिलं, अन् परत खिशात ठेवला. हिवाळाभराचा हिशोब त्यांच्या तोंडावर मला वाचता येत होता.

"नामदेवभाऊ," ते शांतपणे म्हणाले, "काचा उकिरड्यात हायेत. जा, काढा."

"दोघं मिळून…"

"तुमी एकटे."

मंग काय. नवं धोतर खोचलं अन् उतरलो. काठावर एका बाजूला इंजिनेर लोकांची ती शाखा, दुसऱ्या बाजूला गाव. जमिनीखालचं बघणारी माणसं ती, पण एवढ्या आनंदानं त्यांनी आजवर कोणता खड्डा पाहिला नसेल. मी शेणात कोपरापर्यंत हात घालायचो, अन् वरून शेवंता सांगायची, "जरा डावीकडं. अजून खाली. टोपी काढून ठेवा, तिचा काय गुन्हा?"

सापडल्या. सगळ्या सापडल्या. दोन्ही टोकांना जुना गिलावा तसाच, अन् मधोमध तडा. राव सरांनी त्या धुऊन समाजमंदिराच्या फरशीवर ओळीनं मांडल्या. मंग छिन्नी मागवली अन् आमी बुजवलेली एक भेग उकरली. तिच्यात त्यांची दोन बोटं सहज गेली. म्हातारा असा खूश झाला, जणू त्याला हंडा सापडला.

"प्रज्ञा अम्मा," ते म्हणाले, "यही बिल्डिंग लेंगे."

गावानं टाळ्या वाजवल्या. प्रज्ञा हसत होती, रडत होती, मला मिठी मारायला धावली अन् वासानं मध्येच थांबली.

त्याच दिवशी बाकीच्या भेगाही उकरून नव्या पट्ट्या लागल्या. या वेळी प्रज्ञानं सगळ्या गावाला बसवून काच कशासाठी ते सांगितलं. शेवंता उठून म्हणाली, "एक पट्टी उरली असन तं यांच्या तोंडाले लावून पाहा, किती वेळ टिकते ते." राव सरांनी ते दुसऱ्याकडून समजून घेतलं अन् मान हलवून म्हणाले, त्याच्यासाठी आमच्याकडं काच नाही.

पण जाताना त्यांनी एक काम केलं. वर्षभर पट्ट्यांना कोणी हात लावू नये म्हणून समाजमंदिरात खरा कॅमेरा बसवायला सांगितला. बसला. खरा. वर लाल दिवा लुकलुकतो.

मी गावभर सांगत फिरलो, की बाबांनो, हा खरा आहे, आदिलाबादेत प्रज्ञाला सगळं दिसतं. कोणाचा विश्वास बसेल तर शपथ. पत्त्यांचा डाव परत आत आला. विठ्ठलराव त्या कॅमेऱ्याखाली बनियन वर करून पाठ खाजवत बसतात, अन् मला पाहून म्हणतात, "दिसून राह्यलं का वो हैदराबादेत?" मी सांगून थकलो.

अख्ख्या गावात त्या कॅमेऱ्यासमोर भांग पाडून जाणारा मी एकटाच.

परवा तसाच गेलो होतो. पहिल्या पट्टीला एक बारीक तडा गेल्यासारखा वाटला, म्हणून जवळ जाऊन नुसतं बोट पुढं केलं. तोच खिशात फोन वाजला.

"आबा," प्रज्ञा म्हणाली, "हात खाली."